चंद्रपतंगाची ओळख

पतंग म्हटला की आपल्यापुढे येतो तो दिव्याभोवती घिरट्या घालून शेवटी आमटीत पडणारा मातकट जीव. रंगांचा सगळा मान आपण फुलपाखराला देऊन मोकळे झालो आहोत. हा निवाडा किती घाईचा आहे हे पाहावयाचे असेल, तर पावसाळ्याच्या आरंभी आंबोलीसारख्या सह्याद्रीतल्या रानात चंद्रपतंग शोधावा. शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅक्टियास सेलीने म्हणतात; सेलीने ही ग्रीकांची चंद्रदेवता.

ओळखण्यास तो अगदी सोपा. पसरलेले पंख सुमारे बारा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत रुंद. रंग कच्च्या कैरीच्या गरासारखा फिकट हिरवा. अंगावर पांढरी लोकर. पुढच्या पंखांच्या वरच्या काठावर जांभळट-तांबडी किनार असते, चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका असतो, आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात. मिशा पिसासारख्या रुंद असल्या तर तो नर समजावा. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या मिशांनी तो दुरून टिपत अंधारातून तिच्यापर्यंत येतो. अशा गंधद्रव्याची रासायनिक ओळख प्रथम पटली ती १९५९ साली, रेशमाच्या पतंगात.

शेपट्या केवळ शोभेच्या नव्हेत. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरते. अमेरिकेतील ल्यूना पतंग हा आपल्या चंद्रपतंगाचा सख्खा भाऊबंद. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, वटवाघळे पुष्कळदा त्याच्या फडफडत्या शेपटीवर झडप घालतात. शेपटी जाते, जीव वाचतो. सौदा वाईट नाही!

मोईसारख्या झाडांची पाने खाऊन अळी पोसते, आणि त्याच पुंजीवर पतंगाचा पुढचा सारा संसार चालतो. कारण मोठेपणी त्याला उपयोगी पडेल असे तोंडच नसते. आयुष्य जेमतेम आठवडाभराचे. त्यातली एक रात्र आपल्या अंगणातल्या दिव्यापाशी गेली तर केवढे नुकसान! दिव्यावर पतंगाचे प्रेम असते ही कवींची समजूत. कीटक उडताना आपली पाठ उजेडाकडे वळवतात, म्हणून जवळच्या दिव्याभोवती ते अडकून पडतात, असे २०२४ सालच्या संशोधनातून पुढे आले आहे. उजाडल्यावर भिंतीवर बसलेला हा पाहुणा मग पक्ष्याच्या तोंडी जातो, नाहीतर केरसुणीच्या. तो विषारी असल्याच्या वदंतेत तथ्य नाही; तो चावूही शकत नाही.

तेव्हा रानाजवळच्या बंगल्यात उतरलात तर बाहेरचा दिवा रात्री मालवावा. पतंग सकाळी भिंतीवर आढळलाच, तर पंखांना बोट न लावता त्याला काटकीवर चढू द्यावे व ती काटकी दाट पानांच्या सावलीत अडकवून ठेवावी. मादी असेल, तर अजून अंडी घालावयाची राहिली असतील.