करणीचा आळ आणि साताऱ्याचा डॉक्टर

गाय आटली, गारा पडल्या, तान्हं मूल दगावलं की युरोपातल्या खेड्यात नजरा एखाद्या एकट्या म्हातारीकडे वळायच्या. हाइनरिख क्रामर या जर्मन धर्मगुरूने १४८६-८७ च्या सुमारास ‘मालेउस मालेफिकारुम’ हा ग्रंथ लिहून चेटकिणींवर खटले कसे चालवायचे, हे न्यायाधीशांना शिकवलं. १४५० ते १७५० या काळात तिथे ४० ते ६० हजार माणसांना देहदंड झाला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक बायका. ही माणसं न्यायालयाच्या हुकमाने मेली, ही सर्वांत भयंकर गोष्ट. सैतानाशी संधान बांधल्याची कबुली छळ करून घ्यायची आणि आरोपीच्याच तोंडून पुढचं नाव काढायचं, अशी ती रीत होती.

सातारा-सांगलीकडे सैतान नाही, करणी आहे. मूठ मारणं आहे, भानामती आहे. आजार हटत नाही म्हणून माणसं देवऋष्याकडे जातात. तो भावकीतल्या कुणाकडे तरी बोट दाखवतो आणि दोन घरांत कायमचं वैर पेटतं.

हे बोट रोखण्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर झटले. मिरजेत वैद्यकी शिकलेल्या या कबड्डीपटूने १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला.

करणी खरी की खोटी, या वादात कायदा शिरतच नाही. करणीचा आळ घेऊन छळणारा, भूत उतरवतो म्हणून साखळीने बांधणारा, मिरचीची धुरी देणारा गुन्हेगार ठरतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ब्रिटनने १७३५ मध्ये अशीच दिशा बदलली होती: चेटूक हा गुन्हा उरला नाही, चेटूक येतं असं भासवणं मात्र गुन्हा झालं.

महाराष्ट्रात कायदा झाला, तरीही जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एकाच कुटुंबातले नऊ जण विषाने मेले. गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाने त्यांना मारलं, असा पोलिसांचा आरोप आहे.

भानामतीच्या घरात म्हणे कपडे आपोआप पेटतात, दगड पडतात. अशा वेळी समितीचे कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात. करणारं माणूस बहुधा घरातलंच, मनाने कोंडलेलं निघतं. ते सापडलं तरी कार्यकर्ते त्याचं नाव गावाला सांगत नाहीत.