बारा घोडे गेले कुठे?

दोस्तांनो, एक कोडं सोडवाल का? एक पॉवर टिलर आहे, बारा हॉर्सपॉवरचा. म्हणजे बारा घोड्यांच्या ताकदीचा! रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये चिखलणी करताना तुम्ही त्याला पाहिलंच असेल. धानाची कापणी-मळणी झाली की त्याच्यामागे ट्रॉली जोडतात आणि पोती भरतात. सपाट रस्त्यावर गडी धडधड करत मजेत जातो. पण तळ्याच्या पाळीवर चढायची वेळ आली, की अर्ध्या चढावरच थांबतो. गंमत म्हणजे इंजिन जोरात ओरडतंय, चाकं मात्र जागची हलत नाहीत. मग बारा घोडे गेले कुठे?

भंडाऱ्यात चढ कुठून आला, असं कुणी विचारेल. अहो, हा तलावांचा जिल्हा! शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी इथे मोठाले तलाव बांधले. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. तलाव आला म्हणजे मातीची उंच पाळ आली आणि पाळ आली म्हणजे चढ आला.

चला, आधी घोडे मोजू. एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उचलायचं, ही साधारण एका हॉर्सपॉवरची ताकद. टिलर, ट्रॉली, पोती आणि चालक मिळून २००० किलो धरू. चढ असा, की दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. टिलर सेकंदाला एक मीटर, म्हणजे आपण चालतो त्याहून जरा हळूच चाललाय. तर दर सेकंदाला २००० किलो वजन दहा सेंटिमीटर वर जातं. म्हणजे २०० किलो एक मीटर उचलल्यासारखंच! २०० ला ७५ नं भागा. पावणेतीन घोडे झाले. कच्च्या रस्त्यावर चाकं नुसती फिरवायला आणखी दीडेक घोडा लागेल. एकूण सव्वाचार.

इंजिनाकडे तर बारा आहेत! म्हणजे इंजिन कमी पडत नाही. पण सपाटीवर दीड घोड्यात भागत होतं आणि चढावर सव्वाचार लागतात, जवळजवळ तिप्पट. जे काही सैल, झिजलेलं असेल ते दीड घोड्यांपर्यंत निभावून नेतं आणि चढावर उघडं पडतं. बिघाड चढावर झालेला नसतो, तिथे तो फक्त दिसतो.

आता गुप्तहेर होऊ या. इंजिनापासून चाकापर्यंत ताकद कशी जाते? इंजिन, मग रबरी पट्टे, मग क्लच, मग गिअर आणि शेवटी चाकं. चोर या वाटेवरच आहे. अनुभवी मिस्त्री पाना हातात घेण्याआधी कान टवकारतो.

इंजिनाचा आवाज जड होत गेला, काळा धूर निघाला आणि ते बंद पडलं, तर गिअर फार वरचा पडलाय, नाहीतर एअर क्लीनरमध्ये भुसा-धूळ अडकून इंजिनाचा श्वास कोंडलाय. चाकं गरगर फिरून माती उडवतायत, तर ताकद पोचली, पण पकड मिळत नाही. आणि इंजिन जोरात, चाकं गप्प, अशी आपल्या टिलरसारखी गत असेल, तर संशयित दोनच: पट्टा किंवा क्लच.

पट्टा ज्यांच्यावर फिरतो, त्या दोन्ही पुल्यांकडे मिस्त्री लांबूनच पाहतो. इंजिनाची पुली वेगात आणि क्लचची पुली रेंगाळतेय, तर पट्टा घसरतोय. दोन्ही पुल्या नीट फिरतायत आणि चाकं थांबलेली, तर क्लचच्या तबकड्या घसरतायत. त्या झिजल्या असतील, त्यांवर तेल सांडलं असेल किंवा क्लचचा दांडा इतका ताणलेला असेल, की तबकड्या एकमेकींवर पुरत्या दाबल्याच जात नाहीत.

इंजिन बंद आणि थंड झाल्यावर पट्टा मात्र नीट बघण्यासारखा असतो. तो चपटा नसतो, खाली निमुळता होत जातो. पुलीची खाचही तशीच. पट्टा खाचेच्या तळाला टेकतच नाही, दोन्ही बाजूंना पाचरीसारखा रुतून बसतो. जितका ओढाल तितका घट्ट रुततो. पण वर्षानुवर्षं झिजून अरुंद झाला की खाली उतरतो आणि तळाला टेकतो. मग पाचर संपली, पकडही गेली! खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल, तर समजा चोर सापडला.

आणि घोडे? ते पळाले नाहीत, त्यांची उष्णता झाली. घसरणाऱ्या पट्ट्यात दोनच घोडे वाया गेले, तरी ते सुमारे १५०० वॅट होतात. पाणी तापवायच्या रॉडएवढी उष्णता! म्हणून तर जळक्या रबराचा वास येतो.

उपाय सोपा आहे. पट्टा चांगला असेल, तर टिलरच्या पुस्तिकेतल्या मापाइतका ताण द्यायचा. जास्त ताणला तर बेअरिंग खराब होतात. झिजला असेल, तर बदलायचा आणि तीन-चार पट्टे असतील तर सगळे एकदम. नाहीतर जुने सैल पट्टे आराम करतात आणि एकटा नवा राबतो.

परदेशात गवत कापायला बसून चालवायची छोटी गाडी असते. तीही चढावर अशीच रुसते. तिथेही बहुतेकदा पट्टाच सैल असतो. काही गाड्यांत चाकांपर्यंत ताकद तेलाच्या दाबानं पोचते. तेल तापून पातळ झालं, की ते फटींतून निसटतं आणि गाडी ढेपाळते.

चढावर ओढ किती वाढते, ते आता तुम्ही करून पाहा. खेळण्यातल्या गाडीला रबरबँड बांधा, गाडीत थोडी वाळू भरा. सपाट फळीवर हळू ओढा आणि रबर किती ताणलं ते पट्टीनं मोजा. मग फळीच्या एका टोकाखाली एक पुस्तक ठेवा, नंतर दोन, तीन. दरवेळी माप वहीत लिहा.

मात्र खऱ्या यंत्राशी असले प्रयोग नकोत. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात, ओढणी, गमछा काहीही न्यायचं नाही. आणि चढावर अडकलेल्या ट्रॉलीच्या मागे कधीच उभं राहायचं नाही. बाजूला, लांब उभे राहा, कान उघडे ठेवा आणि चोर कोण ते मोठ्यांना सांगा!