चमकणाऱ्या घड्याळाची साक्ष

वाहनांच्या नंबरपट्टीवरील चमकत्या चिकटपट्टीला आपण सर्रास ‘रेडियम’ म्हणतो. तिच्यात रेडियम नसते. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक मनगटी घड्याळांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर खरेखुरे रेडियम असे. समजा, ‘१९५० सालचे, मूळ तबकडीचे’ म्हणून कोणी असे घड्याळ दाखवले आणि ते अंधारात लख्ख चमकले, तर ते अस्सल मानावे काय?

उलट, तेथेच शंका घ्यावी.

त्या रंगात रेडियम व झिंक सल्फाइड यांचे मिश्रण असे. रेडियममधून निघणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळत व प्रकाश निर्माण होई. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजे ७५ वर्षांनंतरही त्यातील सुमारे ९७ टक्के शिल्लक उरते. परंतु अल्फा कणांच्या सततच्या माऱ्याने स्फटिकांची रचना बिघडते आणि काही दशकांतच चमक जाते. दिव्यात तेल भरपूर, पण वात जळून गेलेली, असा हा प्रकार!

मग लख्ख चमकणारा रंग कोणता? बहुधा नंतर दिलेला. १९९० च्या दशकापासून स्ट्राँशियम ॲल्युमिनेटवर आधारित रंग वापरात आले. ते किरणोत्सारी नाहीत. उजेडात शोषलेली ऊर्जा ते अंधारात तासन्‌तास परत देतात.

दुसरी साक्ष गायगर गणकाची. अल्फा कण काचेत अडतात, पण रेडियमपासून तयार झालेल्या मूलद्रव्यांचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात. त्यामुळे गणक टिकटिक करू लागतो. रेडियमची जागा पुढे ट्रिटियमने घेतली. त्याचे क्षीण बीटा कण काचेपलीकडे येत नाहीत.

अर्थात या साक्षीला मर्यादा आहे. नवा रंग म्हणजे घड्याळच बनावट, असे नव्हे. दुरुस्तीत तबकडी रंगवली गेली असेल. आणि टिकटिक ऐकू आली तरी आतले यंत्र दुसऱ्या घड्याळातले असू शकते. चाचणीने खोटा दावा खोडता येतो. खरा दावा फक्त अधिक विश्वासार्ह ठरतो.

एक खबरदारी मात्र हवीच. असे घड्याळ वर्गात कधीही उघडू नये. रेडियमची धूळ पोटात गेल्यास ते कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठते. अमेरिकेत न्यू जर्सीतील कारखान्यात ओठांनी कुंचल्याला टोक काढून तबकड्या रंगवणाऱ्या तरुणींनी त्याची किंमत प्राणांनी मोजली. त्यांच्यापैकी पाचजणींच्या दाव्यात १९२८ साली तडजोड झाली.

विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे: ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, तर ४९ वर्षांनी किती उरेल? उत्तर सुमारे एक सोळांश. हेच गणित रेडियमसाठी केले, की दोन्ही घड्याळे मंदावण्याची कारणे वेगळी का, हे त्यांचे त्यांनाच उमजेल.