कोळंबीची झडती!

मासळी ताजी आहे का, हे आपण कल्ले उघडून, वास घेऊन ठरवतो. तळ्यात वाढवलेल्या मासळीत अँटिबायोटिक उरलंय का, हे मात्र नाकाडोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. कसं? वाचाच!

66 लाख किलोत एक ग्रॅम
क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकमुळे क्वचित, पण जीवघेणा रक्तविकार होऊ शकतो. म्हणून युरोपीय संघाने 2022 पासून किलोमागे 0.15 मायक्रोग्रॅमची रेघ आखली. म्हणजे 66 लाख किलो कोळंबीत जेमतेम एक ग्रॅम! रेणू वजनावरून ओळखणारं ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हे यंत्र एवढंसंही हुडकून काढतं.

चोर पळाला, ठसे राहिले
नायट्रोफ्युरान गटातली अँटिबायोटिक औषधं मासळीच्या अंगात काही तासांतच विघटित होतात. त्यांचे अवशेष मात्र प्रथिनांना आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. तपासणीसाठी ते आम्लात रात्रभर ठेवून सोडवावे लागतात. रस्सा कितीही उकळा, ते जात नाहीत.

कवचाची खोटी साक्ष
नायट्रोफ्युराझोन या नायट्रोफ्युरान औषधाची खूण म्हणजे त्याचा अवशेष, सेमीकार्बाझाइड. पण कोळंबी-खेकड्यांच्या कवचात ते निसर्गतःही असू शकतं! म्हणून तपासायचा तो सोललेला गर. नाहीतर निर्दोष शेतकऱ्याचा माल अडकायचा.

कॅलेंडर नको, थर्मामीटर आणा
पाणी जितकं गार, तितकं औषध माशाच्या अंगातून उशिरा बाहेर पडतं. म्हणून युरोपात काही औषधांसाठी शेवटच्या मात्रेनंतर मासे काढायला थांबायचा काळ ‘अंश-दिवसां’त (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) मोजतात. 500 अंश-दिवस म्हणजे 25 अंशांच्या पाण्यात 20 दिवस, 10 अंशांत तब्बल 50!

पैसे पाण्यात
कोळंबीवरचा ‘व्हाइट स्पॉट’ रोग विषाणूचा. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना. या रोगावर ते तळ्यात ओतलं, तर रोग तिथेच राहतो आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मात्र फोफावतात.

लशीची कमाल
नॉर्वेच्या मत्स्यशेतीत 1987 साली सुमारे 48 टन अँटिबायोटिक खपलं. मग सॅल्मन माशांना लस टोचायला सुरुवात झाली. उत्पादन कित्येक पटींनी वाढलं, औषध मात्र वर्षाला एका टनाच्याही आत आलं.

आपल्याकडे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या (एमपीईडीए) प्रयोगशाळांत ‘एलिसा’ या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने निर्यातीची कोळंबी तळ्यातून काढण्याआधीच तपासली जाते. परदेशी ताटासाठी घेतली जाणारी ही काळजी आपल्या बाजारातल्या मासळीसाठीही घेतली जावी, असा आग्रह आपण धरायलाच हवा.