कॉमिक्सच्या दोन चौकटींमध्ये गेम कुठून येतो?

सोलापुरात रिक्षावाल्याला 'चार पुतळा' एवढं सांगितलं तरी पुरतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, या चार हुतात्म्यांचे पुतळे तिथे आहेत. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटून उठलं, गोळीबार झाला आणि इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

या गोष्टीचं कॉमिक्स कुणीही डोळ्यासमोर आणू शकेल. पण समजा, सोलापूरच्याच चार-पाच पोरांनी तिचा व्हिडिओ गेम करायचा ठरवला, तर?

पहिल्याच पायरीवर अडायला होतं. खेळणाऱ्याने काहीतरी करायचं आणि त्याने पुढचं बदलायचं, याला गेम म्हणतात. इथे शेवट ठरलेला आहे. फाशी टळली असं दाखवलं तर तो इतिहास राहत नाही, आणि काहीच बदलणार नसेल तर बटणं दाबायची कशाला?

यावरचा तोडगा कॉमिक्सच्या पानातच आहे. एका चौकटीत उगारलेली लाठी, पुढच्या चौकटीत रस्त्यावर पडलेली टोपी. लाठी लागल्याचं चित्र कुणी काढलेलंच नाही, ते वाचणाऱ्याने मनात पाहिलं. चौकटींमधल्या या कोऱ्या पट्टीला इंग्रजीत 'गटर' म्हणतात (नावावर जाऊ नका). स्कॉट मॅकक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की कॉमिक्सची खरी गंमत याच रिकाम्या जागेत घडते. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी सुट्ट्या चित्रांची पोथी समोर धरून गोष्ट सांगत आले आहेत. एक चित्र बाजूला होऊन दुसरं येईपर्यंतची जागा ते गाण्याने आणि वाद्याने भरतात. कॉमिक्समध्ये ती वाचक भरतो. मग गेममध्ये ती खेळणाऱ्याच्या हातात का देऊ नये?

'सेगा'च्या १९९५ च्या 'कॉमिक्स झोन'मध्ये हेच केलं होतं. स्केच टर्नर नावाचा चित्रकार स्वतःच्याच कॉमिक्समध्ये अडकतो. एका चौकटीतली मारामारी संपली की उडी मारून पुढच्या चौकटीत जायचं, कधी कोणत्या चौकटीत जायचं हेही आपणच ठरवायचं. शत्रूला फेकलं की कागद टराटरा फाटतो.

'फ्रेम्ड' (२०१४) त्याहून भारी निघाला. यात माणूस पळतो आपोआप, तुम्ही फक्त चौकटींची जागा बदलायची. एका क्रमाने लावल्या तर तो पोलिसाच्या समोर जाऊन धडकतो. तीच चित्रं वेगळ्या क्रमाने लावली की तो त्याच पोलिसाच्या मागून येतो आणि निसटतो. चित्र एकही नवीन नाही, अर्थ मात्र उलटा.

याउलट कित्येक गेम नुसतीच जाड काळी रेघ आणि 'धडाम'चे फुगे लावून स्वतःला कॉमिक्ससारखे म्हणवतात. तो फक्त रंग झाला.

आणखी एक कारण पैशाचं. फिनलंडच्या 'रेमेडी'ने २००१ मध्ये 'मॅक्स पेन' आणला, तेव्हा कथेचे प्रसंग ॲनिमेशनऐवजी कॉमिक्सच्या पानांवर सांगितले. पोझ द्यायला कंपनीतलीच माणसं उभी राहिली. मॅक्सचा चेहरा तर लेखक सॅम लेकचाच आहे. स्थिर चित्र स्वस्त पडतं, कथा बदलली तर लगेच बदलता येतं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' काढला, त्यातही कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांसारख्या सपाट आकृत्यांनी सांगितले आहेत. याच टीमचा लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता. तरी 'राजी' पूर्ण झाला आणि 'द गेम अवॉर्ड्स'च्या नामांकनापर्यंत पोचला.

आता परत सोलापूरला येऊ. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. समजा, गेममध्ये तुम्ही अशाच एका छापखान्यातला पोरगा आहात. शहरात दिवसभर जे घडलं, त्याच्या आठ चौकटी तुमच्या टेबलावर आहेत आणि पानावर जागा आहे पाचची. कोणत्या तीन गाळायच्या? गोळीबार आधी लावायचा की मोर्चा? क्रम चुकला तर वाचणाऱ्याला वाटेल, आधी जमावच अंगावर गेला. छापलेलं पान गिरणीच्या गेटवर जाणार आणि दुसऱ्या दिवशी कामगारांच्या तोंडी तीच गोष्ट असणार, तुम्ही लावली तशी.

१२ जानेवारीची चौकट तुम्हाला हलवता येत नाही. तिच्या आधीच्या सगळ्या येतात.