भेंडी घेताना काय बघाल? जात, कोवळेपणा आणि पोषण

पांढुर्णा-सौंसर म्हटलं की आधी संत्री आठवतात, मग पोळ्याच्या पाडव्याची गोटमार. भाजीपाल्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण घरातल्या लहान मुलांनी न कुरकुरता खावी अशी भाजी कोणती, असं विचारलं तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल : भेंडी. मग या भेंडीतही चांगली कोणती, ते जरा नीट बघू या.

जातींची ओळख

दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा सावनी' एकेकाळी देशभर लागायची. गर्द हिरवी, गुळगुळीत, पाच शिरांची. पुढे ती 'केवडा' रोगाला बळी पडू लागली. या रोगात पानांच्या शिरा पिवळ्या होतात, शेंगाही पिवळट आणि राठ निघतात. पांढरी माशी हा विषाणू पसरवते. यावर परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' आणली, तर बंगळुरूच्या बागवानी संस्थेने 'अर्का अनामिका'. दोन्ही केवड्याला तोंड देण्यासाठीच तयार झाल्या. वाराणसीची 'काशी लालिमा' तर चक्क लाल आहे. आज बाजारात मात्र बरीचशी भेंडी खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्याची असते.

पोषणात फरक किती?

100 ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण 33 कॅलरी, 3 ग्रॅम तंतू, 23 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 80 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 60 मायक्रोग्रॅम फोलेट मिळतं. जातीनुसार हे आकडे थोडे वरखाली होतात. लाल भेंडीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य जास्त असतं, पण ते पाण्यात विरघळतं आणि शिजवल्यावर भेंडी हिरवट होते. म्हणून फक्त रंगासाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर ती कच्ची किंवा अगदी कमी शिजवून खाल्ली तरच उपयोग.

जातीपेक्षा जास्त फरक पडतो तो तोडणीच्या दिवसाने. फूल उमलल्यावर चार ते सहा दिवसांची शेंग कोवळी असते. त्यानंतर ती झपाट्याने निबर होते. तंतू राठ होतात, बी टणक होतं. ओळखायची युक्ती आपल्या आज्यांचीच : टोक मोडून बघा. कट्‌कन मोडलं तर घ्या, नुसतंच वाकलं तर ठेवून द्या.

खरा प्रश्न फवारणीचा

भेंडी दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोडावी लागते. कीटकनाशकाच्या लेबलवर मात्र फवारणीनंतर काही दिवस तोडणी थांबवा, असं लिहिलेलं असतं. शेतकऱ्याने थांबायचं म्हटलं, तर तेवढ्यात माल निबर होऊन भाव पडतो. ही अडचण खरी आहे, तिच्यासाठी त्याला दोष देऊन भागणार नाही. रोगाला टिकणारी जात इथेच आपल्या ताटाशी जोडली जाते. पांढऱ्या माशीची धास्ती कमी, म्हणजे फवारणीही कमी. माझ्या मते जात निवडताना क जीवनसत्त्वाच्या दोन-चार मिलिग्रॅमपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

आपण काय करू शकतो?

- भेंडी धुऊन, पूर्ण पुसून मगच चिरा. ओली चिरली की तार सुटते. शिजताना लिंबू, दही किंवा आमचूर घातलं की चिकटपणा कमी होतो.
- गावी गेलात तर भावकीतल्या काका-दादांना विचारा, यंदा कोणतं बी लावलं, फवारणी किती झाली. नागपूर जवळच आहे. तिथे राहणाऱ्या चार घरांनी मिळून ठरलेल्या शेतकऱ्याकडून थेट माल घेणं अवघड नाही.
- गच्चीवर खोल कुंडीत सरळ वाणाचं बी लावा. सुमारे दीड महिन्यात पहिली तोडणी मिळते. दोन-तीन शेंगा झाडावरच वाळू द्या, पुढच्या हंगामाचं बी घरचं होईल. संकरित वाणाचं बी असं धरता येत नाही, कारण पुढची झाडं सारखी निघत नाहीत.