मॉरिशसचा किनारा: एक परिक्रमा

ज्या काळवत्री पाषाणावर महाराष्ट्राची बहुतेक भूमी उभी आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ज्या भूगर्भीय अग्निकुंडातून उसळला, तेच अग्निकुंड, हिंदुस्थानचे भूकवच उत्तरेकडे सरकत असता, लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या तळाशी असलेली सागरमग्न पर्वतरांग एकामागून एक रचीत मागे राहिले, आणि त्याच कुंडातून अलीकडच्या काळात, म्हणजे गेल्या ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांत, मॉरिशस हे बेट वर आले, असे भूशास्त्रज्ञांचे बहुमत आहे. आज ते कुंड नैऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरांवरील रेयुनियों बेटाखाली धगधगत असून तेथील ज्वालामुखी अद्यापि लाव्हा ओकीत असतो. सह्याद्री आणि मॉरिशस यांचे हे जन्माचे नाते प्रवासी कंपन्यांच्या सचित्र पत्रकांत कोठे आढळत नाही; तेथे आढळते ते केवळ निळे पाणी, पांढरी वाळू आणि नवपरिणीत जोडपी.

या पत्रकांवर माझा मुख्य आक्षेप असा, की ती खोटी नसून अर्धी आहेत. बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर, रत्नागिरी जिल्ह्याच्या चतुर्थांशाहूनही कमी. परंतु एवढ्याशा भूमीला लाभलेला किनारा एकजिनसी मुळीच नाही. अग्नीने घडविलेला काळा कातळ आणि सूक्ष्म जीवांनी बांधलेली शुभ्र प्रवाळभित्ती या दोन शक्तींचा तो मामला आहे. आग्नेयेकडून बारमाही वाहणारा व्यापारी वारा त्यात तिसरा पक्षकार, आणि जेथे ज्याची सरशी झाली तेथे किनाऱ्याने त्याचे रूप घेतले आहे. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची प्रवाळभित्ती बेटाला वेढून आहे. कोठे ती हाकेच्या अंतरावर, तर ग्रां पोरच्या उपसागरात काही मैल दूर. तिच्या बाहेर महासागर फेसाळत असतो आणि आत उथळ, कोमट, निश्चल पाणी असते. जेथे नदी समुद्रास मिळते तेथे गोडे पाणी आणि गाळ प्रवाळास मानवत नाहीत, म्हणून तेथे भिंतीला खिंड पडते. आणि ज्या ज्या खिंडीतून गलबत आत येऊ शकले तेथे बंदर वसले. पोर्ट लुई ही राजधानी अशाच एका खिंडीची देणगी होय.

राजधानीच्या मागे पीटर बोथ नावाचा सुळका उभा आहे, ज्याच्या माथ्यावर एक प्रचंड गोल धोंडा मनुष्याच्या मस्तकाप्रमाणे बसला आहे. ज्याचे नाव त्या सुळक्यास मिळाले तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर-जनरल १६१५ साली मायदेशी परतत असता याच किनाऱ्यावर जहाज फुटून बुडाला. शेजारच्या ल पूस शिखरावर चार्ल्स डार्विन १८३६ च्या मे महिन्यात चढला होता. बेटावरच्या त्या अल्प मुक्कामात त्याने मोजणी खात्याच्या प्रमुखाच्या हत्तीवरूनही फेरफटका केला, आणि प्रवाळभित्ती कशा निर्माण होतात या विषयीचा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त त्या सुमारास मनात आकार घेत होता. उत्तरेचा किनारा सखल आणि प्रसन्न आहे. त्याच्या ईशान्य टोकाकडे १७४४ च्या ऑगस्टात ‘सें-जेराँ’ हे फ्रेंच जहाज प्रवाळावर आपटून फुटले, त्यातील बहुतेक माणसे दगावली, आणि त्या दुर्घटनेवर पुढे बेर्नार्दें द सें-प्येर याने आपली कादंबरी रचून सगळ्या युरोपास रडविले.

प्रवाळाचे हे वर्चस्व केवळ नाविकांच्या नशिबापुरते नव्हते. या बेटाचा अंमल कोणाकडे राहावा याचा निवाडाही त्यानेच केला. १८१० च्या ऑगस्टात ग्रां पोरच्या उपसागरात इंग्रजांच्या लढाऊ जहाजांचा काफिला शिरला असता वाटा दाखविणारी चिन्हे फ्रेंचांनी आधीच हलविलेली होती. जहाजे एकामागून एक उथळ पाण्यात रुतली आणि फ्रेंचांना असा विजय मिळाला, की त्याची नोंद पॅरिसच्या विजयकमानीवर आहे. इंग्रज शहाणे झाले. त्यांनी उत्तरेकडची भिंत आणि तिच्यातील वाट गुपचूप तपासली, आणि नोव्हेंबर सरता सरता काप मालेरूजवळ सैन्य उतरविले, ज्यात हिंदी शिपायांच्या पलटणीही होत्या. अवघ्या काही दिवसांत फ्रेंचांनी किल्ली हवाली केली. आज त्या जागी लाल छपराचे एक इवलेसे चर्च आहे, आणि त्यापुढे छायाचित्र काढून घेणाऱ्यांची रांग असते.

ग्रां पोरच्या दक्षिणेस, पॉइंट देस्नी येथे, त्याच भित्तीने २५ जुलै २०२० रोजी आणखी एक जहाज अडविले. ‘वाकाशियो’ हे महाकाय मालवाहू जहाज वाट चुकून प्रवाळावर चढले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या टाक्यांतून सुमारे हजार टन जड तेल निळ्या पाण्यात मिसळले. एका बाजूस ब्लू बेचे संरक्षित सागरी उद्यान, दुसऱ्या बाजूस ईल ओ झेग्रेत हे दुर्मीळ वनस्पतींचे प्रवाळी बेट, अशा मोक्याच्या जागी हा प्रसंग ओढवला. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता माहेबुर गावच्या बंधाऱ्यावर हजारो माणसे जमली, त्यांनी कापडी नळ्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट ठासून भरले, आणि रिकाम्या बाटल्यांच्या आधाराने त्या तरंगत्या भिंती खाडीत सोडल्या. ज्या पिकासाठी या बेटावरील अरण्ये तोडली गेली आणि ज्याच्यासाठी वेठीची माणसे आणली गेली, त्याच उसाचे वाळलेले पान त्या दिवशी किनाऱ्याच्या कामी आले.

माहेबुरहून रस्ता पश्चिमेकडे वळला की मॉरिशसचे दुसरे रूप सुरू होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच रूप अधिक पाहण्यासारखे आहे. सुयाकच्या आसपास प्रवाळभित्तीच नाही. लाव्ह्याचे काळे कडे सरळ समुद्रात उतरतात, आणि अंटार्क्टिकापर्यंत मध्ये कोठेही भूमी नसल्याने तिकडून निघालेली लाट जी पहिल्यांदा अडते ती येथे. ग्री-ग्रीच्या कड्यावर उभे राहिले असता पायाखालचा कातळ प्रत्येक आघाताबरोबर किंचित कंप पावतो. खाली पाहावे तर पाणी निळे नव्हेच, दुधाळ आहे. लाट कपारीत शिरते, हवा कोंडते, आणि क्षणभराने फटींतून फवारा सुटतो. कड्याच्या माथ्यावर वाऱ्याने वाकून जमिनीला टेकलेली सुरूची झाडे असून त्यांचे सारे शेंडे वायव्येकडे वळलेले आहेत. होकायंत्र नसले तरी दिशा कळावी. थोडे पुढे गेल्यावर एका खडकाच्या अंगावरून प्रत्येक लाटेचे पाणी ओघळते, त्याला लोक रडता खडक म्हणतात. येथे पोहण्यास मनाई आहे आणि ती मनाई योग्य आहे. आतल्या बाजूस सावान नदीवर जो रोचेस्टर धबधबा आहे, त्याच्या कातळाचे उभे, कोनदार स्तंभ पाहताना अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्या मुंबईकरास ओळख पटण्यास उशीर लागणार नाही.

नैऋत्य टोकास ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा एकाकी डोंगर समुद्रात घुसला आहे. तीन बाजूंस तुटलेले कडे, पायथ्याशी प्रवाळाचे शांत पाणी. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी मालकांपासून पळालेले गुलाम या कड्यांच्या गुहांत आश्रय घेत. १८३५ साली गुलामगिरी रद्द झाल्याची वर्दी देण्यास शिपाई वर चढले, त्यांचा हेतू न कळल्यामुळे वरील माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी मौखिक परंपरा आहे. दस्तऐवजांचा आधार शोधणाऱ्यास ती अडचणीत टाकते, पण २००८ साली युनेस्कोने या डोंगरास जागतिक वारशाच्या यादीत घातले ते त्या परंपरेचे मोल जाणूनच. बेटाचे राष्ट्रपुष्प, लाल घंटेसारखे फूल येणारी त्रोकेशिया ही झुडुपी वनस्पती, निसर्गतः फक्त याच डोंगराच्या कड्यांवर उगवते. डोंगरालगत समुद्राच्या तळाशी धबधबा कोसळत असल्याचा भास होतो, आणि तो हेलिकॉप्टरमधून दाखविण्याचा धंदा तेजीत आहे. वस्तुतः तो उथळ मंचावरून खोल पाण्यात घसरणारा गाळ आणि वाळू यांचा देखावा होय.

पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशास असल्याने कोरडा आहे. मध्यवर्ती पठारावर वर्षाकाठी काही ठिकाणी ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर येथे जेमतेम ८००-९०० मिलिमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जो भेद आहे तोच, फक्त दिशा उलटी. या कोरड्या उन्हामुळेच तामारेंला मिठागरे शक्य झाली. समुद्राचे पाणी प्रथम वरच्या मातीच्या तळ्यांत घेतात, तेथून ते पायरीपायरीने, केवळ उताराच्या जोरावर, काळ्या दगडांनी बांधलेल्या चौकोनी वाफ्यांत उतरते, आणि अखेरच्या वाफ्यात मीठ धरते. पूर्वापार वहिवाट अशी, की पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, बायका ते ओढून टोपल्यांतून डोक्यावर वाहून नेतात. उरण-पेणकडच्या वाचकास यात अपरिचित असे काय वाटेल? एवढेच, की येथे वाफ्याचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही काळे असल्याने मिठाची पांढरी रास डोळ्यांत भरते.

मराठी माणूसही विशेषतः याच भागात, रिव्येर न्वार आणि काझेलाच्या परिसरात आणि वर वाक्वाच्या पठारावर, रुजला. १८३४ पासून पाऊण शतकाहून अधिक काळ सुमारे पाच लक्ष हिंदी मजूर करारपत्रावर अंगठा उठवून या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आले, पण मुंबईहून निघालेल्या जहाजांत रत्नागिरीकडची माणसे होती. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर त्यांची नोंद होई तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांच्या वंशजांनी कोकणची जाखडी ‘झाकरी’ म्हणून अजून जिवंत ठेवली आहे, आणि गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. मूर्ती विसर्जनास जाते ती याच प्रवाळाच्या आतल्या पाण्यात.

जवळच शामारेल येथे सात रंगांची म्हणून जी भूमी दाखवितात, तिचे रहस्य कोकणवासीयास सांगण्याची गरज नसावी. उष्ण व पर्जन्यमय हवेत काळवत्री दगड कुजतो, त्यातील विद्राव्य द्रव्ये वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात आणि तांबडा, जांभळा, पिवळसर असे रंग धारण करतात. आपला जांभा दगड घडविणारी क्रिया ती हीच. आपण त्याचे चिरे काढून घरे बांधतो. मॉरिशसवासी त्याभोवती कुंपण घालून तिकीट लावतात.

आता मुख्य बेट सोडून उत्तरेस वीस-बावीस किलोमीटरांवरील राउंड आयलंडकडे वळले पाहिजे, कारण बेटाच्या मूळ सृष्टीचा उरलासुरला दाखला तेथे आहे. मुख्य भूमीवर डोडो पक्षी सतराव्या शतकात नष्ट झाला, काळ्या शिसवाची अरण्ये डचांनी आणि नंतर उसाने संपविली, आणि मूळ अरण्य आज दोन टक्केही चांगल्या स्थितीत उरलेले नाही. राउंड आयलंडवर उंदीर पोहोचले नाहीत. पोहोचल्या त्या माणसाने सोडलेल्या शेळ्या आणि ससे. त्यांनी कोवळा अंकुर म्हणून राहू दिला नाही आणि पावसाने माती समुद्रात नेली. आपल्या शहरांतील बागांत व कचेऱ्यांच्या आवारात फुगीर बुंध्याचा जो बाटलीताड हौसेने लावलेला असतो, त्याचे मूळ गाव हे. आणि १९७० च्या दशकात तेथे त्याची जुनी झाडे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. जगभर कुंड्यांत वाढणारे झाड स्वतःच्या भूमीत मरणपंथाला लागले होते. १९७९ साली शेळ्या आणि १९८६ साली ससे हटविण्यात आले, तेव्हा रोपांनी पुन्हा डोके वर काढले. याच बेटावर एक असा अजगरवर्गीय साप तगला आहे, ज्याच्या वरच्या जबड्याचे हाड दोन सांधलेल्या तुकड्यांचे असते; अशी रचना सापाच्या अन्य कुळांत नाही. त्याचा बिळात राहणारा भाऊबंद १९७५ नंतर कोणास दिसला नाही.

मुख्य बेटावर, रिव्येर न्वारच्या खोल दऱ्यांत, जे एका छोट्या ससाण्याचे झाले तेही याच तऱ्हेचे आहे. १९७४ साली त्याचे चारच ज्ञात पक्षी उरले होते. बंदिवासात वाढवून सोडण्याच्या चिकाटीने त्यांची संख्या पुढे शेकड्यांत गेली. १९९४ साली त्या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले, परंतु आयात केलेल्या चिनी पेरूची झुडुपे मूळ वृक्षांच्या पायाशी दाटी करीतच आहेत आणि ती उपटण्याचे काम संपत नाही.

किनाऱ्याच्या मालकीचा प्रश्न मात्र कोणत्याही पक्ष्याहून नाजूक आहे. फ्रेंच अमदानीत संरक्षणाच्या हेतूने भरतीच्या रेषेपासून पन्नास राजपावलांचा, म्हणजे ८१ मीटरांहून किंचित अधिक रुंदीचा पट्टा सरकारजमा धरला जाई. १८०७ साली गव्हर्नर दकाँ याने तो कधीही विकता येणार नाही असे फर्मान काढले, आणि इंग्रज अमलातही तो शिरस्ता टिकला. तोफा गेल्या, पट्टा राहिला. विकता येत नाही, पण दीर्घ मुदतीच्या करारावर देता येतो. या एका पळवाटेने त्यावर हॉटेले आणि बंगले उभे राहिले, आणि सुरूच्या सावलीत रविवारी जेवणाचे डबे उघडणाऱ्या सामान्य कुटुंबांना मोकळी जागा दिवसेंदिवस अपुरी पडते. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आखलेली ही रेषा सरकारने विसरता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मे ते ऑक्टोबर हा कोरडा, थंड काळ धरावा, कारण जानेवारी ते मार्च हे वादळांचे महिने. हॉटेलच्या आवारातून निदान एक दिवस बाहेर पडून माहेबुरहून सुयाककडची साधी बस पकडावी आणि दक्षिणेचा कातळ पाहावा. भरतीच्या रेषेखालची वाळू तेथील कायद्याने सर्वांची आहे. एखाद्या पहारेकऱ्याने हटकलेच, तर हे त्याला नम्रपणे सांगावे आणि चालत राहावे.